थांबा रे भो

द्वारकाअक्काला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते जळगावच्या बसस्टँडवर. तिचा एक पाय धुळ्याच्या गाडीच्या पायरीवर होता आणि दुसरा खाली डांबरावर. कंडक्टरची घंटी वाजवून झाली होती, ड्रायव्हर उगाच रेस देऊन धमकावत होता, आणि ही बाई दाराचे दोन्ही दांडे धरून जागची हलायला तयार नव्हती.

“थांब रे भो,” ती कंडक्टरला म्हणाली. “एक बाई पानी लेवाले गयेल शे. तिनाजोडे तान्हं पोर शे.”

“तुमच्या नात्यातली आहे का मावशी?”

“नही.”

“नाव तरी माहीत आहे?”

“नाव इचारीसन का कोनी थांबस?”

गाडी हसली, कंडक्टरसुद्धा हसला. तेवढ्यात ती बाई पोराला काखोटीला मारून धावत आली, तिला चढवून झाल्यावर अक्का चढली, आणि तोवर जागा भरल्यामुळे पारोळ्यापर्यंत उभी राहिली. मी त्याच गाडीत होतो. आमच्या कॉलनीत समोरच्या ओळीत नवं बिऱ्हाड आलंय एवढंच मला माहीत होतं. हे बिऱ्हाड म्हणजे काय प्रकरण आहे ते त्या दिवशी कळलं.

कॉलनीत तिला सगळे अक्का म्हणत आणि अगं-तुगं करत. कोणी नवख्याने ‘अहो अक्का’ म्हटलं तर ती मागे वळून बघायची, आपल्या पाठीमागे आणखी कोण उभं आहे म्हणून. मूळची धुळ्याजवळच्या सोनगीरची. माहेरी तांब्यापितळेची भांडी घडवायचा धंदा, त्यामुळे हातोड्यांच्या आवाजावर आवाज काढून बोलायची लहानपणापासूनची सवय. जळगावात सगळा संसार झाला तरी बोली सोनगीरचीच राहिली. बँकेत गेली तरी “मनं खातं कोठे शे?” असंच विचारायची आणि साहेब लोक निमूटपणे खातं शोधून द्यायचे. मी वीज कंपनीत नोकरीला होतो. तिच्या लेखी जळगावातली सगळी लाइट माझ्या खिशात होती. लाइट गेली की फाटकातून हाक यायची, “लाइटवाला भाऊ, काय करी ऱ्हायना रे? सोड ना!”

थांबणं आणि दुसऱ्याला थांबवणं, हा तिचा स्वभाव होता. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे भरिताचा बेत व्हायचा. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर मोठाली वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, हिरव्या मिरचीचा ठसका साऱ्या गल्लीत. सगळे पानावर बसले तरी अक्का पहिली पुरी कढईत सोडू द्यायची नाही, कारण कोपऱ्यावरचा कोणीतरी अजून दुकान बंद करून यायचा असे. आम्ही भुकेने तिच्या नावाने बोटं मोडायचो. पाहुणा निघाला की ती फाटकाशी उभी, रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत. मग फोनजवळ बसायची. पोचल्याचा निरोप आल्याशिवाय घरात पान वाढलं जायचं नाही.

यावरून नाना रोज ओरडायचे. नाना म्हणजे तिचे यजमान, डाळ मिलमध्ये मुकादम. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया डाळीच्या भुकटीने पिवळ्या झालेल्या असत आणि खोकला आमच्या घरापर्यंत ऐकू येई. डोक्यावर टोपी, काखेत छत्री. छत्री बारा महिने असायची, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पावसापेक्षा हलवण्यासाठीच ती होती. “आते काय सांगू तुले,” अशी सुरुवात करायचे, छत्री हवेत हलवायचे, आणि पुढे काहीच सांगायचे नाहीत.

त्यांना एकच मुलगी, संगीता. जावई फौजेत, तेव्हा आसामकडे बदलीवर. संगीता वर्षातून एकदा यायची, आखाजीला. अक्षय्य तृतीया म्हटलं की बाकीच्यांना सोनं आठवतं, आम्हा खानदेशातल्या लोकांना माहेरी आलेल्या लेकी आठवतात. समोरच्या कडुनिंबाला झोका बांधला जायचा आणि त्यावर पहिली संगीता बसायची, स्वतःला पोरं झाल्यावरसुद्धा. नाना मागे उभे राहून झोका द्यायचे आणि खोकायचे. अक्का ओट्यावरून ओरडायची, “थांबा रे, पडी ना ती!” आणि दोघंही थांबायची नाहीत.

नाना गेले ते भर मे महिन्यात. आमच्याकडचा मे ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सकाळी खोकत खोकत उठले आणि चहाच्या आधीच संपले. संगीताला फोन गेला, ती म्हणाली निघते. पण विमानाचं जमण्यासारखं नव्हतं आणि तिकडून भुसावळपर्यंतची गाडी म्हणजे दोन रात्रींचा प्रवास. मृतदेह ठेवायच्या शीतपेट्या तेव्हा शहरात मोजक्याच होत्या आणि त्या उन्हाळ्यात एकही मोकळी मिळाली नाही. मग बर्फाच्या लाद्या आणल्या. मीच टेम्पोतून आणल्या. दुपार होईतो अंगणात पाणीच पाणी झालं. गावाकडची मंडळी आधी घड्याळाकडे आणि मग एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी नानांचे थोरले भाऊ उठले.

“आते ठेवता येवाव नही,” ते म्हणाले.

अनोळखी बाईसाठी एसटी अडवून धरणारी अक्का तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. माझी बायको निर्मला तिच्या शेजारीच होती. ती सांगते, अक्काचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. नानांना उचललं आणि नेलं.

संगीता आली तेव्हा अंगणात बर्फाबरोबर आलेला लाकडाचा भुसा वाळून पडला होता आणि आत कोपऱ्यात दिवा जळत होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली. रडली नाही. आईकडे पाहून म्हणाली, “तू थांबा म्हणाली असतीस तर सगळे थांबले असते. तुझं कोण ऐकत नाही?”

अक्का कोपऱ्यातल्या दिव्यात तेल घालायला उठली. संगीता दिवस होईपर्यंत राहिली आणि गेली. पुढे आखाजीला यायची, पण पाहुण्यासारखी. मायलेकी स्वयंपाकघरात बसून लसूण सोलायच्या आणि कामापुरतंच बोलायच्या.

वर्ष उलटल्यावर अक्का आमच्याकडे आली. पदराखाली ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची चळत होती, म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

“लाइटवाला भाऊ, ती मयतनी पेटी लाइटवर चालस ना?”

“हो. का?”

“आपली कॉलनीनी एक लेवानी शे. कोनी पोर रिकामा आंगनमा येवाले नको.”

निर्मलाने पदर डोळ्यांना लावला. मी बिबडा मोडून तोंडात टाकला. आमच्या कॉलनीत तोवर पोरं उरली होती कोणाची? कोणाचा पुण्याला, कोणाचा बंगळूरला, कोणाची लेक थेट अमेरिकेत. घरटी दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही. पेटीची गरज प्रत्येकाला होती आणि तिचं नाव कोणालाच काढायचं नव्हतं.

देणग्या मागायला अक्का निघाली, बरोबर पुष्पाबाई. पुष्पाबाई कापड दुकानवाल्या जैन कुटुंबातल्या, राजस्थानातून लग्न होऊन इथे आलेल्या, अक्काच्या जिवाभावाच्या. एक अहिराणीत बोलायची, दुसरी मारवाडीत, त्यामुळे त्यांचं भांडणसुद्धा धड व्हायचं नाही. आमच्या बाजारपेठेत देणाऱ्यांची कमी नाही. पाणपोईवर नाव, बागेतल्या बाकावर नाव, देवळाच्या प्रत्येक पायरीवर कोणाचं तरी नाव. पण या पेटीवर आपलं नाव घालून घेणार कोण? एका शेठजींनी तर हातच जोडले.

“अक्का, वॉटर कूलर मागा. एक सोडून दोन मागा. पण त्या पेटीवर माझं नाव आलं आणि उद्या माझ्या सुनेने वाचलं, तर ती काय समजेल?”

“मंग बिननावनं द्या.”

“बिननावाचं देऊन मला काय मिळालं?”

अक्का पायऱ्या उतरता उतरता एवढी हसली की पुष्पाबाईंना तिला धरावं लागलं. पण पेटी काही जमेना. कोणी अशुभ म्हणालं, कोणी पुढच्या वर्षी म्हणालं. गणपती मंडळवाल्यांनी तर सांगितलं की हा विषयच आमच्या बैठकीत नको.

मग पुष्पाबाईंच्या नातवाचं लग्न आलं. वरात मुलीकडच्या गावी निघून गेली की नवरदेवाच्या घरी नुसत्या बायका उरतात. त्या दारं लावून घेतात आणि पुरुषांची सोंगं काढतात. मारवाडी मंडळी याला टूंटिया म्हणतात. कोणी धोतर नेसतं, कोणी काजळाची मिशी काढतं, आणि सासरा, दीर, नवरा, एकेकाची अशी हुबेहूब नक्कल होते म्हणे की ज्याची होते त्याने ऐकली तर घर सोडून जाईल. ती पुरुषाने बघायची नाही आणि बाहेर त्यावर बोलायचं नाही. अक्काने त्या लग्नात टोपी घालून नाना केले आणि बायका हसून हसून आडव्या झाल्या. तिथेच पुष्पाबाईंच्या डोक्यात आलं की हेच मंगल कार्यालयात करायचं. तिकीट लावून, फक्त बायकांसाठी.

साठी-सत्तरीच्या बायकांच्या तालमी अक्काच्या गच्चीवर सुरू झाल्या. घराघरांतून टोप्या, काठ्या, चष्मे नाहीसे व्हायला लागले. निर्मलाने माझी जुनी पँट नेली. कोणाचं सोंग आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही येणार आहात का बघायला? मग कशाला पंचाईत?” नियम अक्काचा होता. पुरुषांनी तिकीट घ्यायचं आणि बाहेर बसायचं.

आम्ही बाहेर बसलो. चपला सांभाळायला. दारात दोन बायका लाटणी घेऊन उभ्या होत्या, खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, मंगल कार्यालयाच्या मालकालासुद्धा आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. इतका कडक बंदोबस्त करूनही एक गोष्ट त्यांच्यापैकी एकीच्याही ध्यानात आली नाही. मिशीवाला एकही माणूस आत सोडला नाही, आणि आत बसलेल्या प्रत्येक बाईच्या हातात मोबाइल होता. त्यांच्या लहानपणी दार लावलं की ते लागत असे. एवढाच त्यांचा हिशेब चुकला.

आतून हसण्याचे लोट येत होते. बाहेर बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, ही आपलीच नक्कल चाललीय, आणि जो तो शेजाऱ्याकडे बघून खोटं हसत होता. मग एकाएकी नानांचा खोकला ऐकू आला. खरंच सांगतो, मी बाकावरून उठून उभा राहिलो. हुबेहूब तोच खोकला, शेवटी घशात अडकणारा. पुन्हा हशा, पुन्हा हशा. आणि मग सगळं गप्प झालं. ती शांतता इतकी लांबली की आम्हाला वाटलं कोणाला चक्कर आली. दार वाजवायची आमची हिंमत झाली नाही. पुष्कळ वेळाने दार उघडलं आणि बायका बाहेर आल्या. डोळे लाल, काजळाच्या मिशा गालभर पसरलेल्या. शेवटी काय झालं म्हणून निर्मलाला विचारलं तर म्हणाली, “ते आतलं आहे.”

पेटीपुरते पैसे जमले. पण त्याआधीच मोबाइलवर एक तुकडा फिरायला लागला होता. मलाही आला. नानांची टोपी, नानांचा सदरा, मिशी लावून अक्का सतरंजीवर मेल्यासारखी आडवी. चार मिशीवाल्या बायका तिला उचलायला वाकतात. त्यात पायाशी माझ्या पँटमध्ये आमची निर्मला. त्या हात लावणार एवढ्यात नाना खोकत उठून बसतात आणि छत्री हलवून ओरडतात, “थांबा रे भो, मनी पोर गाडीमा बठेल शे!” बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडतात. नाना पुन्हा आडवे होतात, त्या चौघी पुन्हा वाकतात, नाना पुन्हा उठून ओरडतात. आणखी मोठा हशा. तिथे तुकडा संपतो.

फिरत फिरत तो संगीताकडे पोचला. पेटी आली त्या दिवशी मी अक्काच्या व्हरांड्यात पेटीसाठी बोर्ड बसवत होतो, तेव्हा फोन आला. अक्का फोन नेहमी कानापासून लांब धरायची, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“बाबांना मेल्यावरसुद्धा नाचवलंस ना? त्यांना नेत होते तेव्हा तुझ्या तोंडून ‘थांबा’ निघालं नाही. आणि आता लोकांना हसवायला बरोबर निघालं.”

अक्का म्हणाली, “संगी, आयक...” पण तोवर फोन बंद झाला होता.

ती बराच वेळ पेटीच्या काचेवर हात ठेवून उभी होती. जिच्यासाठी हे सगळं केलं तिलाच ते असं लागावं, याचं मला फार वाईट वाटलं. मी स्क्रू पिळत राहिलो. निर्मलाला कळलं तेव्हा ती तडक आली. “मी सांगते तिला, पुढे काय झालं ते. दे तिचा नंबर.” अक्काने तिचा हात धरला.

“फोनवर नको. ती येई. आठे बसीसन सांगजो.”

संगीता आली नाही. त्या आखाजीला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अक्का दर वर्षी नानांच्या नावाची घागर भरायची आणि माझ्याकडून कडुनिंबाला झोका बांधून घ्यायची. गल्लीतल्या पोरी दिवसभर झोके घ्यायच्या. ती ओट्यावर बसून कोपऱ्याकडे बघायची, जिथून रिक्षा वळते.

पेटीने मात्र आम्हा दोघांना कामाला लावलं. कोणाकडे मयत झाली की पेटी जायची, पिन लावायला मी जायचो, आणि अक्का नॅपकिन घेऊन यायची. आमच्या उकाड्यात गार काचेला बाहेरून घाम सुटतो आणि बघता बघता चेहरा दिसेनासा होतो. अक्का पेटीशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि काच पुसत राहायची. “पोर लांबतून येस,” म्हणायची. “पहिलं तोंड साफ दिसाले पाहिजे.” कोणाचा मुलगा विमानातून उतरून, कोणाची मुलगी ट्रेनमधून उतरून थेट दारात यायची. मग अक्का नॅपकिनची घडी करून उठायची आणि चहा टाकायला आत जायची. त्यांचं रडणं तिने कधी उभं राहून पाहिलं नाही.

एकदा कॉलनीतले एक निवृत्त गुरुजी गेले. मागे कोणी नाही, भाऊबंद नाहीत. लोक म्हणाले, पेटी कशाला, उरकून टाकू. अक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“कोनी येवाव नही म्हनीसन घाई करानी का?”

पेटी लावली. ती कोणासाठी काच पुसतेय ते मला कळेना. दुपारी भाजीची गाडी ढकलत एक माणूस आला, गाडी फाटकाशी लावली, आत येऊन गुरुजींच्या पायाशी काचेवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. शाळेत गुरुजींनी त्याला जेवू घातलं होतं म्हणे. अक्का नॅपकिनची घडी करून चहा टाकायला आत गेली.

यंदा आखाजी तोंडावर आली तेव्हा सकाळी फाटकातून हाक आली, “लाइटवाला भाऊ, झोका बांधाना शे रे!” ऊन जरा उतरल्यावर मी दोर घेऊन गेलो. अक्का व्हरांड्यातल्या खुर्चीत होती, पेटीच्या शेजारी, मान एका बाजूला कललेली. मला वाटलं डुलकी लागलीय. मी दोनदा हाक मारली. मग दोर खाली ठेवला.

संगीताला फोन मीच केला. जावयाची बदली आता डेहराडूनला होती. मी सांगितलं. मग तिने विचारलं, “काका, थांबाल?”

“थांबू,” मी म्हणालो.

पेटीची पिन मी आजवर कितीतरी घरांत लावली असेल. त्या दिवशी ती बोर्डात तिसऱ्या खेपेला गेली. निर्मलाने अक्काचाच नॅपकिन घेतला आणि खुर्चीत बसली.

गावाकडून नानांचा पुतण्या आला. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. दिवस मावळायच्या आत उरकू, संगीताताईला व्हिडिओवर दाखवू, हल्ली सगळे असंच करतात, असं तो चार लोकांना समजावत होता. तेव्हा पुष्पाबाई उठल्या. त्यांचे गुडघे आता चालत नाहीत. भिंत धरत दारापर्यंत गेल्या, खुर्ची मागवली आणि दारात आडव्या बसल्या. मांडीवर लाटणं. दुसऱ्या बाजूला त्या सोंगात असलेली आणखी एक बाई येऊन उभी राहिली. मंगल कार्यालयाच्या दारात दोघी उभ्या होत्या तशाच.

“छोरी आवे है,” पुष्पाबाई म्हणाल्या. “कोणी हात लावायचा नाही.”

पुतण्या अंगणात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली. आयुष्यभर लोकांनी मला ज्या आवाजात फोन केले, त्याच आवाजात मी जुन्या ऑफिसला फोन केला. तिकडून ‘बघतो’ म्हणाले, म्हणजे काय ते मला माहीत होतं. मग मंडपवाल्याचा जनरेटर ओढून आणला. तो सुरू होईतो बायका पदराने वारा घालत होत्या, काचेच्या बाहेरून. त्याचा उपयोग नाही हे सगळ्यांना कळत होतं, तरी घालत होत्या.

संगीता दुपारी आली. रिक्षा कोपऱ्यावर वळली तेव्हा मी फाटकातच होतो. ती उतरली आणि थबकली. अंगणभर माणसं होती. पुष्पाबाईंनी खुर्ची बाजूला घेतली. संगीता आत आली, पेटीजवळ खाली बसली आणि काचेवर दोन्ही हात ठेवले.

“मी तिच्याशी बोलले नाही, काकू,” ती निर्मलाला म्हणाली. “ती फोन करायची, मी घेत नव्हते.”

“तुला सांगायचं एक काम तिने मला देऊन ठेवलंय,” निर्मला म्हणाली. “इथे बसवूनच सांगायचं म्हणाली होती. त्या सोंगाचं. तू बघितलंस त्यात नाना दोनदा उठले. तालमीत तिसऱ्यांदाही उठायचे, छत्री घेऊन आमच्या मागे लागायचे, आम्ही पळायचो आणि संपायचं. त्या दिवशी तिसऱ्यांदा आम्ही वाकलो आणि ती उठलीच नाही. डोळे मिटून पडून राहिली. बायका हसत वाट बघत होत्या. मग हसायच्या थांबल्या. मी पायाशी होते. ती बोलत होती गं, अगदी हळू, नानांच्या आवाजात नाही, स्वतःच्या. ‘थांबा रे भो, मनी पोर गाडीमा बठेल शे.’ पुन्हा पुन्हा तेच. नानांना नेलं तेव्हा मी तिच्या शेजारी होते, तेव्हाही तिचे ओठ असेच हलत होते. तेव्हा नुसता आवाज फुटला नव्हता, संगीता. आमच्याने तिला उचलवेना. मिशा लावलेल्या आम्ही सगळ्याजणी तिथेच बसून रडलो.”

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं एका घरात राहून निर्मलाने मला ते सांगितलं नव्हतं.

संगीताने कपाळ काचेवर टेकलं. वडील गेले तेव्हा जे रडली नव्हती, तेही रडली असेल. तिच्या श्वासाने आणि आमच्या त्या उन्हाने काच सगळी धुरकटून गेली. निर्मलाने नॅपकिन तिच्या हातात दिला, खुर्चीतून उठली आणि चहा टाकायला आत गेली.

थोड्या वेळाने पुतण्या चार माणसं घेऊन आला. “ताई, आता उचलायचं का?” त्याने हळू विचारलं.

छावण्यांमधून फिरून संगीताची बोली केव्हाच पुसली गेली होती. आमच्याशी ती पुस्तकातलं मराठी बोलायची. तिने मान वर केली नाही.

“थांबा रे भो,” ती म्हणाली.

ती चार माणसं मागे सरली. एक जण पायरीवर बसला. अंगणात कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

अक्काला मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. पांढरे केस निर्मलाने नीट विंचरले होते आणि ओठ मिटलेले होते. लेक काच पुसत होती. पुसली की धुरकटायची, धुरकटली की पुसत होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अक्का पुसायची तशी. तोंड अगदी साफ दिसत होतं. बऱ्याच वेळाने संगीताने नॅपकिनची घडी केली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी वाकून बटण बंद केलं.